२ टीबीच्या पेन ड्राइव्हला अनावृत पत्र

श्रीमान पेन ड्राइव्ह
(२ टीबी, असं आपल्या अंगावर छापलंय म्हणून),
मुक्काम : आमच्या लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट

स. न. वि. वि.

भाचीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ आपण विनातक्रार पोटात घेतलेत, त्याबद्दल आधी आभार. ‘कॉपी पूर्ण’ असा निरोप आला, आपला निळा दिवाही खुशीत लुकलुकला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर हळद दिसली, सीमांतपूजन दिसलं. मंगलाष्टकांपासून पुढे मात्र नुसते राखाडी चौकोन. फाइलींची नावं बरोबर, आकार बरोबर, तारखासुद्धा बरोबर. फक्त नवरा-नवरी गायब.

घरात निकाल लगेच लागला. दोषी : लिनक्स. “विंडोज टाक म्हणून कधीपासून सांगतोय,” इति आमचे दाजी, म्हणजे साक्षात वधूपिता. एका जाणकार मित्राने आपल्या एक्सफॅट या फाइल सिस्टिमवर बोट ठेवलं. काही वर्षांपूर्वी त्याचं पटलंही असतं. तेव्हा एक्सफॅटचं कार्ड लावलं की लिनक्स हात वर करायचं आणि वेगळं पॅकेज शोधून टाकावं लागायचं. पण मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचा तपशील खुला केला, त्याच वर्षी कर्नल ५.४ मध्ये एक्सफॅटची सोय आली आणि २०२० मध्ये ५.७ मध्ये त्याहून चांगला ड्रायव्हर. शिवाय एक्सफॅटचंच दुखणं असतं तर आपण माउंटच झाला नसतात, हळदीचे फोटो तरी कुठून दिसले असते? हे सगळं चालू असताना आपण मात्र पोर्टात बसून गंमत बघत होतात.

आपली करामत आहे मोठी नामी. नवा ड्राइव्ह लावला की संगणक त्याला विचारतो, तुझे ब्लॉक किती? आपल्या कंट्रोलर चिपमध्ये कुणीतरी आधीच थाप भरून ठेवलेली, ती आपण न अडखळता ऐकवता. कर्नल बिचारं ती जशीच्या तशी नोंदवून घेतं, त्याच्या डीमेसेज या नोंदवहीतही २ टीबीच उमटतात. (दाजींसाठी : विंडोजही हेच विचारतं आणि हेच उत्तर खरं मानतं.) मग फाइली येऊ लागतात. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत नीट बसते, म्हणून नावं शाबूत. खरी जागा संपली की पुढचं सगळं आपण ‘मिळालं’ म्हणून पोच देता आणि सोडून देता. आपल्यातले काही महाभाग तर पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून लिहायला घेतात, म्हणजे आधीचं होतं तेही पुसलं जातं. त्या मानाने आपण सभ्य. हळद तरी ठेवलीत.

अखेर आपली गाठ एफ३ या तपासनीस प्रोग्रामशी घालून दिली. नावाचा अर्थच ‘फ्लॅशच्या फसवणुकीशी लढा’. त्यातलं एफ३राइट सगळी जागा भरून बघतं, पण सेकंदाला १० एमबी या वेगाने २ टीबी भरायला दोन दिवसांहून जास्त लागले असते. आपल्यासाठी तेवढी वीज कोण जाळणार? म्हणून एफ३प्रोब चालवलं. ते ठरावीक ठिकाणी थोडंथोडं लिहून वाचून बघतं. चहा होईपर्यंत टर्मिनलवर निकाल हजर : माल बनावट, खरी जागा ८ जीबी.

खालीच उपायही छापून आला होता : एफ३फिक्स. त्याने आपलं पार्टिशन खऱ्या जागेपुरतं आखून दिलंय. आता आपण निमूटपणे ८ जीबी म्हणून नांदायचं. फोटो आपल्याकडे पुन्हा ठेवणार नाही, पण झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ न्यायला चालाल. तिथे काही हरवलंच तर मूळ प्रत घरी आहे.

किंग्स्टनने २०१७ मध्ये २ टीबीचा खरा पेन ड्राइव्ह जाहीर केला, तो चांगला जाडजूड होता आणि किंमत ऐकून माणूस खाली बसावा असा. आपण नखाएवढे, नि आठशे रुपयांत, वर की-चेन फुकट.

लग्नाचे फोटो सुदैवाने फोटोग्राफरकडे आहेत, तेव्हा दाजींचा राग निवळलाय. लिनक्सवरचा नाही. आपल्या विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिलाय, पण बदली माल द्यायची तयारी दाखवलीय : आपलेच थोरले बंधू, ४ टीबी. त्यांना निरोप द्या, एफ३प्रोब तयार ठेवलंय.

आपला,
एक लिनक्सवाला मामा