स्टँपिंग झालं का?

सर्वपित्री अमावस्येला पितर जेवायला येतात, एवढंच आजवर ठाऊक होतं. पितर यायच्या आत नातवांनी देश सोडायचा असतो, हे 2025 साली कळलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी 19 सप्टेंबरच्या शुक्रवारी एका कागदावर सही ठोकली : एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या अर्जामागे एक लाख डॉलर भरा. अंमल रविवारी त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून एक मिनिट होताच, म्हणजे आपल्याकडे 21 तारखेच्या सकाळी 9 वाजून 31 मिनिटांनी. ऐन अमावस्या. वड्यांचं तेल तापायची वेळ.

शनिवार पळापळीत गेला. सुट्टीवर आलेल्या लोकांना मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांचे निरोप आले की असाल तसे परत या. एक मंत्री म्हणाले, रक्कम दरवर्षी भरावी लागेल. मग रात्री खुलासा आला : दरवर्षी नाही, एकदाच, जुन्यांना नाही, फक्त नव्यांना. तोवर विमानांची भाडी आभाळाला भिडली होती, आणि भरल्या घरातून उठून गेलेली मुलं कुठल्यातरी तिसऱ्याच देशाच्या विमानतळावर बसून हा खुलासा वाचत होती.

रविवारी कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका गच्चीवर आजोबांचं पान ठेवलं होतं. कावळा डिश अँटेनावर बसून नुसता बघत होता. घरच्यांनी सगळं कबूल करून पाहिलं. गावच्या जमिनीचा वाद मिटवतो म्हणाले, धाकटीचं लग्न या वर्षी नक्की करतो म्हणाले, कावळा ढिम्म. शेवटी काकूंनी हात जोडले, "मामंजी, नातवाच्या ग्रीन कार्डाचं आम्ही बघून घेऊ." कावळ्याने वडा उचलला आणि उल्हास नदीच्या दिशेने गेला. कावळ्याला खोटं बोललेलं चालतं, कॉन्सुलेटला चालत नाही.

एक लाख डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने 88 लाख रुपये. एवढ्या पैशात मोहन्यात फ्लॅट येतो, तोही पार्किंगसकट, आणि तो घ्यायला कुणाच्या राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागत नाही. पण फ्लॅट घेऊन करायचं काय? काम कुठे आहे? इथली एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, 2009 साली बंद झाली. हजारो कामगारांच्या खिशात तिचा गेटपास असे. पाकिटात लक्ष्मीच्या फोटोशेजारी ठेवलेला हा कागद म्हणजे मोहन्यातलं खरं वर्क परमिट. एके दिवशी गेट लागलं आणि गेटपास जागच्या जागी बाद झाला. वॉशिंग्टनला जे करायला घोषणापत्र काढावं लागलं, ते इथे एका टाळ्याने झालं. थकलेल्या देण्यांसाठी पुढे वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, उपोषणं झाली, तारखा पडल्या.

म्हणून अमुक तारखेनंतर तमुक तारीख पडणार, ही भाषा मोहन्याला नवी नाही. बाप देण्यांच्या रांगेत, लेक ग्रीन कार्डाच्या. नोकरीच्या आधारे तिकडे वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डं मिळतात आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्क्यांच्या वर सहसा मिळत नाहीत. भारत काय, लक्झेंबर्ग काय, पंगत एकच आणि वाटी तेवढीच. त्यामुळे ईबी-टू नावाच्या वर्गात 2025 साल संपता संपता 2013 ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्जाची तारीख, असलेल्या भारतीयांचे नंबर लागत होते. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. मोहन्यातल्या घरांत ते पंचांगासारखं वाचतात : तारीख पुढे सरकली का, किती आठवडे, की वक्री झाली? होय, तारखा वक्रीसुद्धा होतात. एनआरसीतून बाहेर पडलेले एक काका ते वाचून मुलाला फोनवर धीर देतात, "आम्ही 2009 चे, तू 2013 चा. रांगेत सीनिऑरिटी असते बाळा."

रांगेत उभं राहायचं तरी आधी चिठ्ठी लागावी लागते. 1990 च्या कायद्याने निघालेल्या या एच-वन-बीची वर्षाची मर्यादा 65 हजार; तिकडून मास्टर्स केलेल्यांना आणखी 20 हजार. अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. सोडत आम्हाला म्हाडाने शिकवली. कोकण मंडळाच्या सोडतीत खोणी-शिरढोणची घरं निघाली की कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत अर्ज भरले जातात. पण म्हाडात उत्पन्न कमी असलं की त्याचा वेगळा गट असतो. अमेरिकेने याच्या नेमकं उलट करायचं ठरवलं : फेब्रुवारी 2026 पासूनच्या नियमात सगळ्यांत वरच्या पगाराच्या पायरीवर असलेल्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, खालच्या पायरीवरच्याची एक. गरिबाला घर देताना उत्पन्नाचा दाखला मागतात ते तो गरीब आहे हे बघायला, आणि नोकरी देताना मागतात ते तो गरीब नाही हे बघायला. दाखला मात्र दोन्हीकडे मूळ प्रतीतच लागतो.

मोहन्याचं स्टेशन अंबिवली, त्याच्या पुढचंच टिटवाळा. तिथल्या महागणपतीकडे रखडलेली लग्नं जुळवण्याचं खातं पूर्वीपासून आहे. हैदराबादजवळच्या चिलकूर बालाजीने व्हिसाचं खातं कधीच स्वतंत्र केलं : आधी 11 प्रदक्षिणा, काम झालं की 108. टिटवाळ्याला अजून दोन्ही खात्यांचा ताण एकाच देवावर आहे, कारण आता लग्न व्हिसावर अडतं. पूर्वी मुलीकडचे विचारत, मुलगा काय करतो? आता विचारतात, व्हिसाचं स्टँपिंग झालं का? ग्रीन कार्डाचा आय-वन-फॉर्टी अप्रूव्ह आहे का? मुलीला तिकडे कामाचं ईएडी मिळेल ना? परवा एका मावशींनी ऐकवलं, "स्थळ चांगलं आहे, पण प्रायॉरिटी डेट फार अलीकडची आहे." मुलाचं वय काय, हे त्यांना सांगता आलं नाही.

डिसेंबर 2025 मध्ये तर पोरं स्टँपिंगअभावी मोहन्यातच अडकली. एच-वनवाल्यांनी आणि त्यांच्या एच-फोरवाल्या कुटुंबीयांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, आम्ही ती तपासू, असा नियम 15 डिसेंबरपासून लागू झाला. तपासणीला माणसं अपुरी, म्हणून डिसेंबरच्या मुलाखती मार्चवर आणि त्याच्याही पुढे गेल्या. बहिणीच्या हळदीला आलेला भाऊ तिचं डोहाळजेवण आटोपून जाईल, अशी चिन्हं दिसू लागली.

आम्हाला काळजी त्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याची. बिचारा कॅन्सस किंवा ओहायोहून आलेला. त्याच्यापुढे मोहन्यातल्या मुलाचं फेसबुक उघडतं. तिथे गॉगल लावलेल्या माणसाचा फोटो, मागे वाघ, खाली 'बाप माणूस'. दुसऱ्या फोटोखाली 'नाद करायचा नाय'. तिसऱ्यात तलवारीने केक कापणं चालू आहे. हा मुलगा डेटा इंजिनिअर आहे आणि तलवार त्याची नाही, हे त्या अधिकाऱ्याला समजावणार कोण? त्यात भर निवडणुकीची. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली पाच वर्षं प्रशासक, आणि प्रत्येक नाक्यावर बॅनरवर 'भावी नगरसेवक'. अर्ज प्रलंबित असूनही एवढा प्रसन्न चेहरा ठेवणारा उमेदवार अमेरिकेच्या कुठल्याच रांगेत सापडणार नाही. मुलाने त्या भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. आता अधिकाऱ्याने विचारलं की हे भावी म्हणजे नेमकं कोणतं स्टेटस, तर काय सांगणार?

या सगळ्यावर एकच उपाय म्हणून काही जण जर्मनीकडे वळले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात 10 हजार जण पाठवू म्हणाले. वायरमन, प्लंबर, नर्स सगळे जर्मन शिकायला बसले. करार जोमात होता. भाषा कठीण आहे आणि कागद त्याहून कठीण, एवढंच म्हणतो.

या गडबडीत आम्हाला कल्याणची एक मुलगी आठवते. आनंदीबाई जोशी, जन्म 1865 चा. 1883 च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीत बसली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय 18. फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात शिकली आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाली. हिला व्हिसा लागला नाही. डीएस-160 चा अर्ज नाही, बोटांचे ठसे नाहीत, सोडत नाही. चिनी मजुरांसाठी अमेरिकेने ती निघायच्या आदल्याच वर्षी दार लावून घेतलं होतं, पण हिंदुस्थानातून कुणी येईल असं त्यांच्या मनात आलं नसावं. तिच्यासाठी तिकडचं दार सताड उघडं होतं.

मुलाखत मात्र झाली. ती इकडे झाली. जायच्या आधी, फेब्रुवारी 1883 मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात – आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं – या मुलीला लोकांपुढे उभं राहून उत्तरं द्यावी लागली. अमेरिकेलाच का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आजवर कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करतेस? आता व्हिसाच्या खिडकीपाशी काचेआडून येणारे प्रश्न आठवून पाहा. हीच युनिव्हर्सिटी का? भारतात हा कोर्स नाही का? खर्च कोण करणार? परत येणार कशावरून? अमेरिकेच्या कायद्यात 214(ब) नावाचं कलम आहे. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून आलेला माणूस मुळात कायमचा राहायलाच आला आहे असं ते गृहीत धरतं, आणि तसं नाही हे त्यानेच पटवायचं. हे कलम त्यांनी 1952 च्या कायद्यात घातलं. आमच्याकडे ते 1883 ला चालू होतं, आणि शिक्का मारणारी खिडकी प्रत्येक ओटीवर होती. आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलं, तसं केलंही. आल्या त्या आजार घेऊन, आणि 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या. कौतुक मात्र भरपूर झालं. कौतुकाला परवानगी लागत नाही.

तेव्हा दुसऱ्याला अडवण्याच्या विद्येत आम्हाला ट्रम्पसाहेबांकडून काही घेण्यासारखं नाही. रिक्षाचा परवाना हवा तर राज्यात 15 वर्षांचा रहिवास दाखवा. 2016 मध्ये त्यावर मराठीची परीक्षाही बसवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये ती बेकायदा ठरवली. इथे राहणाऱ्याला मराठी यावी याबद्दल आमचं दुमत नाही. गंमत एवढीच की त्या परीक्षेच्या बाजूने तावातावाने भांडणारे बरेच जण घरी मुलाच्या टोफेलची फी भरत होते.

मोहन्यातल्या एका सोसायटीची कमिटी मागच्या रविवारी बसली. सेक्रेटरींचा मुलगा डॅलसला आहे, त्यामुळे सभेचा पहिला पाऊण तास अमेरिकेच्या निषेधात गेला. कष्टाळू माणसाला असं दारात अडवतात, ही काय पद्धत झाली? सर्वांनी माना डोलावल्या. मग विषय क्रमांक दोन : तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीला भाडेकरू. मुलगा हिंगोलीचा, वय तेवीस, गोदामात रात्रपाळी करतो, भाडं आगाऊ द्यायला तयार आहे.

"बॅचलर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो काका."

"आधार, पॅन, कंपनीचं पत्र, गावच्या पत्त्याचा पुरावा, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती. फोटो चार. हिंगोलीत कामं नाहीत का?"

"नाहीत काका."

"गावाला घर आहे? शेती? आईवडील? म्हणजे परत जाणार ना? नाही, एकदा शिरले की उठत नाहीत लोक, म्हणून विचारतो. करार अकरा महिन्यांचा. मग वागणूक बघून एक्स्टेन्शन. मित्र राहायला आणायचे नाहीत, आईवडील फार तर पंधरा दिवस."

मुलाने सगळं कबूल केलं. खजिनदारांनी त्याचा फोन मागून घेतला. "फेसबुक लॉक का आहे? उघड. सगळ्यांना दिसेल असं ठेव."

त्याने उघडलं. कमिटीने चष्मे लावून एकेक फोटो सरकवला. पांडुरंगाचा फोटो, ठीक. सोयाबीनचं शेत, ठीक. आईचा फोटो, ठीक. मग एका भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा सापडल्या, आणि नेमका तो सेक्रेटरींच्या विरुद्ध पार्टीचा निघाला. अर्ज पुढच्या सभेपर्यंत प्रलंबित ठेवला आहे. पुढची सभा गणपतीनंतर, कोरम झाला तर.