ल्यूकसचं सिमेंटी नंदनवन

कॅन्ससच्या या भागात तासभर गाडी पळवली तरी पुढे गवत, मागे गवत आणि मध्ये डुलक्या. झाड औषधालाही नाही. शेतांची कुंपणं मात्र तारेची आणि तारेला खांब चक्क दगडी. विचिटाहून आम्हाला घेऊन निघालेल्या दादाला म्हटलं, "काय श्रीमंती रे शेतकऱ्यांची!"

"श्रीमंती कसली, लाकडाचा दुष्काळ," दादा म्हणाला.

एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या लोकांना खांबांना लाकूड मिळेना. जमिनीच्या हातभर खाली चुनखडीचा थर होता. ताजा दगड मऊ असतो. त्यात ओळीने भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, की तो सरळ रेषेत फुटतो आणि पुढे हवा खाऊन कडक होतो. एकेक खांब दोन माणसांना हलवता येणार नाही असा.

ल्यूकस हे याच मुलखातलं गाव. वस्ती साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या लग्नातली पहिली पंगत. अशा गावात बघायचं काय? तर 'गार्डन ऑफ ईडन'.

ही सॅम्युएल पेरी डिन्समूर यांची कृपा. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला शिपाई, मग शाळामास्तर, मग शेतकरी. चौसष्टीला आलेला आपल्याकडचा माणूस फार तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. यांनी १९०७ साली घर बांधायला काढलं. ओंडक्यांचंच घर हवं, पण ओंडके कुठून आणणार? म्हणून चुनखडीचेच ओंडके तासले आणि एकावर एक रचले. तेवढ्याने हौस फिटेना, तेव्हा घराभोवती सिमेंटची झाडं उभी केली आणि झाडांवर ॲडम, ईव्ह, साप, सैतान अशी सगळी मंडळी चढवली. एकूण ११३ टन सिमेंट! सैतानाच्या डोळ्यांत विजेचे दिवे.

म्हातारा विक्षिप्त असेल, पण खुळा नव्हता. एका शिल्पात कष्टकऱ्याला क्रुसावर चढवलंय आणि चढवणारे कोण, तर डॉक्टर, वकील, पाद्री आणि सावकारी करणारा बँकवाला. शेतकऱ्यांच्या चळवळीने तापलेल्या कॅन्ससचा तो माणूस होता. राग तिथला होता. वहिनी डॉक्टर. ती त्या शिल्पापुढून जरा लगबगीनेच पुढे सरकली.

पहिली बायको वारल्यावर १९२४ साली, ८१व्या वर्षी, डिन्समूर यांनी वीस वर्षांच्या एमिली ब्रोझेकशी लग्न केलं. ती त्यांचं घर सांभाळायची. पुढे दोन मुलंही झाली. हे ऐकून दादाने वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीने असं काही पाहिलं की दादा सिमेंटच्या झाडाची पानं मोजायला लागला.

अंगणाच्या कोपऱ्यात समाधी आहे. १९३२ साली गेलेले डिन्समूर आत काचेच्या झाकणाखाली पडून आहेत आणि इतकी वर्षं पडून राहिलेला माणूस जसा दिसावा तसेच दिसतात. शेजारी सिमेंटची सुरई: खाली नरकात जायची पाळी आलीच तर वाटेत गार पाणी भरून घ्यायला. घरचे लोक सोडून कुणालाही एक डॉलरपेक्षा कमी घेऊन आत सोडू नये, अशी सोय स्वतःच मृत्युपत्रात करून ठेवलेली. मेल्यावरही घराला उत्पन्न! मी आयुष्यभर एलआयसीचे हप्ते भरले, पण हे सुचलं नाही.

गावाने हा वारसा नेटाने चालवलाय. मुख्य रस्त्यावरचं सार्वजनिक शौचालय २०१२ साली उघडलं. त्याचा आकार कमोडचा. वर उचललेलं झाकण, पुढे भांड्याची गोल कड आणि मोकळ्या सुटलेल्या पेपरच्या गुंडाळीसारखी पायवाट. भिंतींवर फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा आणि खेळण्यातल्या मोटारींची नक्षी. ही नक्षी गावकऱ्यांनी हातांनी बसवली आहे.

वहिनी बराच वेळ बाहेर येईना. दादा हाका मारून दमला. शेवटी आतून आवाज आला, "अहो, थांबा! भिंत बघतेय."