आधी पूल, मग पाणी

कॅलिफोर्नियात बारा-पंधरा वर्षं नोकरी झालेला मराठी माणूस एका ठरावीक वयात अ‍ॅरिझोनाचा नकाशा उघडतो. पदरी दोन मुलं, फ्रीमाँटमधलं भाड्याचं दोन बेडरूमचं घर, आणि त्याच गल्लीतला रंग उडालेला बंगला पंधरा लाख डॉलरला गेल्याची बातमी, एवढी सामग्री जमली की नकाशा आपोआप उघडतो. आमच्या भाच्याचा गेल्या उन्हाळ्यात उघडला. आम्ही उभयता तेव्हा त्याच्याकडे पाहुणे होतो, त्यामुळे सल्लागार मंडळावर आमची नेमणूक झाली.

गावाचं नाव बकआय. फीनिक्सच्या पश्चिमेला, जिथे शहर संपून वाळवंट सुरू व्हायला हवं तिथे शहर संपायचं नाकारतं, ते हे ठिकाण. चार बेडरूम, तीन गाड्यांचं गॅरेज, मागे अंगण, किंमत साडेचार लाख डॉलर. भारतीय मंडळी खरं तर पूर्वेकडच्या चँडलर-गिल्बर्टमध्ये राहतात, इंटेलच्या आसऱ्याने. पण तिथले भाव वाढले म्हणून लोक क्वीन क्रीकला गेले, तेही वाढलं म्हणून आणखी पुढे. अमेरिकेतले दलाल याला नियमच मानतात: कर्ज बसेपर्यंत गाडी चालवत राहायचं. जिथे कर्ज बसलं तिथे आपलं घर. नालासोपाऱ्याचा शोध ज्यांनी लावला त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

भाचा इंजिनिअर, म्हणून निर्णय एक्सेलमध्ये. चौरस फूट, शाळेचे गुण, भारतीय किराणा किती मिनिटांवर, गणपतीचं देऊळ किती मिनिटांवर, विमानतळ किती मिनिटांवर, असे रकाने, आणि प्रत्येक रकान्याला टक्केवारीत भार. चौरस फुटांना सर्वांत जास्त. पाण्याला रकानाच नव्हता.

“पाणी नळाला येतं, मामा,” भाचा म्हणाला. “त्याला रकाना कशाला?”

वास्तूला मात्र रकाना होता. दार पूर्वेला हवं, असं भाच्याच्या आईने पुण्याहून कळवलं होतं. आता वाळवंटातली गंमत अशी की दार पूर्वेला आलं की मागचं अंगण पश्चिमेला जातं, आणि जुलैतली चार वाजताची उन्हं त्या अंगणात आणि मागच्या काचेच्या दारातून थेट दिवाणखान्यात येऊन बसतात. तिथले जाणते लोक असं घर टाळतात. म्हणजे वास्तुपुरुष प्रसन्न झाला तर विजेचं बिल कोपतं. भाच्याने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या आणि आईला ईशान्येचा फोटो पाठवला.

भाचेसून अकोल्याची. अकोल्याच्या माणसाला तापमान सांगून घाबरवता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी प्रयत्न केला. २०२३ साली फीनिक्समध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली उतरला नाही, असं सांगितलं. “काय सांगून राहिले मामा,” ती म्हणाली, “आमच्याकडे मे महिना असाच असते.” एसी येण्याआधी तिथेही लोक कूलर लावत आणि ओल्या चादरी टांगून अंगणात झोपत, हे ऐकून तर तिला माहेर सापडल्यासारखं झालं. मग मी रात्रीचा आकडा काढला. त्याच जुलैत १९ तारखेला पहाटेचं किमान तापमान ३६ सेल्सिअस होतं. किमान! अकोल्याला गच्चीवर अंथरूण टाकलेला माणूस पहाटे पायाशी चादर शोधतो. ती पहिल्यांदाच थोडी थांबली. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथे त्या वर्षी उष्म्याशी संबंधित मृत्यू ६४५ नोंदले गेले. सूर्यप्रकाशाचे दिवस बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलेले असतात, हा आकडा आरोग्य खात्याच्या अहवालात. सूर्य एकच आहे.

पावसाळाही आहे बरं का. अधिकृत, सरकारी, १५ जून ते ३० सप्टेंबर, तारखा ठरवून दिलेला. वर्षभराचा सगळा पाऊस मिळून सात-साडेसात इंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तो फीनिक्सला साधारण पाच वर्षं पुरला असता. विंचवांचं मी थोडक्यात आटोपतो: ते अतिनील बॅटरीच्या उजेडात हिरवट चमकतात, आणि रात्री जेवण झाल्यावर अशी बॅटरी घेऊन आपल्याच कुंपणावर विंचू मोजणं हा तिथला कौटुंबिक कार्यक्रम आहे. भाच्याच्या थोरल्या मुलाचं मत या एका मुद्द्यावर बकआयच्या बाजूने पडलं.

मग बकआयला नमुना घर पाहायला गेलो. बाहेर ४४, आत २०. दारातच बिस्किटं भाजल्याचा वास. टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं, एकालाही डाग नाही. गॅरेजला काचा बसवून विक्री कार्यालय केलेलं, त्यामुळे गॅरेज नेमकं केवढं हे कळायला मार्ग नाही. विक्रेत्या बाई इतक्या गोड की आमच्या हिने मनातल्या मनात त्यांना तिळगूळ दिला. भिंतीवरची किंमत ‘पासून’ होती. नमुना घरात डोळ्यांना आवडणारी जी जी वस्तू होती, ती ती ‘पासून’च्या पलीकडची होती. ओट्याचा दगड वेगळा, उंच दारं वेगळी, पंखे वेगळे. हिरव्या पट्ट्यालगतच्या प्लॉटला जादा पैसे. हिरवा पट्टा मी खिडकीतून पाहिला. खडी होती, आणि तीन झाडं काठ्यांना बांधून उभी केली होती.

घराला रंग कोणता द्यायचा हे तिथली सोसायटी ठरवते. बाईंनी रंगांचा तक्ता दाखवला. त्यात वाळू, ओली वाळू, दूरची वाळू आणि संध्याकाळची वाळू असे पर्याय होते, निदान मला तरी तसेच दिसले. आमच्या हिने इतक्या वेळात एकच प्रश्न विचारला: एवढं जन्माचं ऊन आहे तर कुरडया-पापड वाळत घालायची जागा कुठे? भाच्याने तो शक्य तितका सभ्य करून इंग्रजीत सांगितला. बाईंनी नियमावली चाळली. रस्त्यावरून किंवा शेजारच्या घरातून दिसेल असं काहीही वाळत घालता येणार नाही. वर्षाला तीनशे दिवस ऊन, आणि वाळवणाला मनाई! ही तिथेच मनाने बकआयमधून बाहेर पडली.

मी किमतीचा विषय काढला. २००६ नंतर पाच वर्षांत फीनिक्सच्या घरांचे भाव निम्म्याहून खाली आले होते आणि कडेच्या गावांत रस्तेच्या रस्ते बँकांनी जप्त केले होते, त्याचं काय? “ते तेव्हाचं,” बाई म्हणाल्या. ‘तेव्हा’ हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला की मला पानिपत आठवलं. आणि बांधकाम थांबलं कुठे? या बकआयची लोकसंख्या २००० साली साडेसहा हजार होती, २०२० साली एक्क्याण्णव हजार. नियोजनाचं क्षेत्र सहाशे चौरस मैलांच्या वर, म्हणजे आपल्या अडीच मुंबई. शहराच्या उत्तरेला टेराव्हॅलिस नावाची वसाहत आखली आहे, सदतीस हजार एकरांवर एक लाख घरं. रस्त्याकडेला गाड्या धुण्याची केंद्रं तर इतकी, की धूळ कमी पडेल अशी भीती वाटावी.

पाण्याचं विचारलं भाचेसुनेने. बाईंना ते अपेक्षित असावं, कारण कागद खणातून आधीच वर काढून ठेवला होता. अ‍ॅरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे आणि तो कडक आहे. नवी वसाहत विकायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आहे, हे राज्याला दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शंभर वर्षं! पुण्यात आपण उद्याचं विचारत नाही, टँकर आला की भरून घेतो. मी भारावलो. भाचा तर विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहू लागला.

“शंभर वर्षं कधीपासून?” भाचेसुनेने विचारलं.

बाई थबकल्या. फोन केला. प्रमाणपत्र २००५ चं निघालं. वसाहतीचा आराखडा मंजूर झाला, मग मंदी आली, जमीन तशीच पडून राहिली, आता तिच्यावर घरं. वर्षं मात्र तेव्हापासून चालू. म्हणजे आपल्या वाट्याला ऐंशी.

“कर्ज तीस वर्षांचं आहे,” भाचा म्हणाला. “पन्नास वर्षं शिल्लक राहतात उलट.”

आता थोडा हिशेब. जानेवारी २०२३ मध्ये नव्या राज्यपाल केटी हॉब्ज यांनी एक अप्रकाशित अहवाल बाहेर काढला, तो नेमका बकआयच्या पश्चिमेकडच्या हसयांपा खोऱ्याचा होता: जमिनीखाली आहे त्याहून जास्त पाणी कागदावर वाटून झालं होतं. जूनमध्ये सगळ्या फीनिक्स परिसराचा हिशेब आला. पुढच्या शंभर वर्षांत ४८ लाख ६० हजार एकर-फूट भूजल कमी पडेल. आपल्या वर्तमानपत्री मापात सुमारे २१२ टीएमसी, म्हणजे दोन कोयना. एकूण मागणीच्या ते चारच टक्के, हेही खरं. केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना राज्याने प्रमाणपत्रं देणं थांबवलं. आधी दिलेली मात्र चालू राहिली, आणि तशी मंजूर घरं ऐंशी हजारांच्या आसपास होती. वरची घोषणा वाचून घाबरलेल्या गिऱ्हाईकाला खालची ओळ दाखवायची, हे काम बाई उत्तम करत होत्या.

या लोकांना वेडे मात्र म्हणता येत नाही. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून, वाटेत जवळजवळ तीन हजार फूट वर चढवून त्यांनी वाळवंटात आणलं. बकआयच्या पलीकडचं पालो व्हर्दे अणुवीज केंद्र शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर थंड ठेवतात. आपण सांडपाणी मुळा-मुठेला अर्पण करतो. फक्त ती कोलोरॅडो १९२२ मध्ये राज्यांच्या दोन गटांत वाटून घेतली गेली ती ओल्या वर्षांच्या भरवशावर, आणि २०२२ पासून तुटवड्याची अधिकृत कपात सुरू झाली तेव्हा अ‍ॅरिझोनाच्या वाट्यातून पहिल्याच फेरीत पाच लाखांवर एकर-फूट गेलं.

पण पाणी नसलेल्या जागी प्लॉट विकणं ही तिथली जुनी कला आहे, आणि तिचे आद्यगुरू रॉबर्ट मॅकलक. यांचा धंदा यांत्रिक करवतींचा. लेक हवासू इथे त्यांनी ओसाड जमिनीवर शहर आखलं आणि गिऱ्हाईक येईना म्हणून १९६८ साली लंडनचा पूल विकत घेतला. खराखुरा लंडन ब्रिज, २४ लाख ६० हजार डॉलरला. दगडांवर आकडे घालून तो जहाजाने आणला आणि कोरड्या जमिनीवर उभा केला. पूल झाल्यावर त्याच्याखाली कालवा खणून पाणी सोडलं. पुढे फीनिक्सजवळ दुसरं गाव विकायला काढलं तेव्हा १९७० साली तिथे ५६० फूट उडणारं कारंजं बसवलं. दोन्ही गावं आज भरलेली आहेत. आपल्याकडच्या बिल्डरांनी या माणसाची तसबीर कार्यालयात लावली पाहिजे. लावत नाहीत, कारण आपल्याकडे पूलही नंतरच होतो.

शंभर वर्षांच्या कायद्यातून सुटायची वाटही आहे. सहा किंवा जास्त प्लॉट पाडले तर ती वसाहत आणि तिला प्रमाणपत्र. पाच पाडले तर काहीच नाही. मग जमिनीचे पाच तुकडे करायचे, तुकडा घेणाऱ्याने पुन्हा त्याचे करायचे. आपली गुंठेवारी सातासमुद्रापार कशी पोचली, यावर कोणी प्रबंध लिहावा. स्कॉट्सडेल शहराला लागून रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती अशीच वाढली. शेकडो छान घरं, घोड्यांचे तबेले, आणि पाणी स्कॉट्सडेलहून टँकरने. आमचंच आम्हाला पुरेना, म्हणत स्कॉट्सडेलने १ जानेवारी २०२३ पासून टँकर बंद केले. लाखो डॉलरच्या घरांतले लोक पावसाचं पाणी बादल्यांत धरू लागले आणि पाहुणे गेले की ताटं कागदी काढू लागले.

हे सगळं मी रात्री फोनवर बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला सांगितलं. ती वाघोलीला राहते, चौदाव्या मजल्यावर, आणि सोसायटीच्या पाणी समितीवर आहे. तिने वाळवंट, कोलोरॅडो, कोयना सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “टँकर किती हजार लिटरचा?” मला सांगता आलं नाही. “मग इथला माझा फ्लॅट काय वाईट आहे? निदान टँकरवाला ओळखीचा आहे.”

परिणाम झाला. भाच्याने एक्सेलमध्ये ‘पाणी’ असा रकाना घातला आणि त्याला पाच टक्के भार दिला. बकआय तरीही पहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पाच टक्क्यांचे चाळीस झालेले, चँडलरमधलं जुनं तीन बेडरूमचं घर पहिलं, आणि भाचेसून शांतपणे डबे भरते आहे. भाच्याने फाइलला पासवर्ड लावला.

त्या आठवड्यात विक्रेत्या बाईंचा निरोप आला. महिनाअखेरीपर्यंत नोंदणी केली तर मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव कंपनीतर्फे मोफत. भाच्याने लगेच फाइल उघडली आणि पाण्याच्या रकान्यात बकआयला दहापैकी नऊ गुण दिले.