कोल्हापूर–मुंबई : विमानाने किती वेळ?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३०८ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबात १६६ सागरी मैल भरतं. रस्त्याने तेच पावणेचारशेच्या पुढे जातं. महालक्ष्मी एक्सप्रेस आधी पूर्वेला मिरज गाठते, मग सांगली, सातारा, पुणे करत ५१८ किलोमीटर धावते. विमानाला मिरजेत कुणाला भेटायचं नसल्याने दोनशे किलोमीटर वाचतात.

ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला एवढ्या अंतरासाठी ३७ मिनिटं पुरावीत. वेळापत्रकात मात्र तासाच्या आसपासचा आकडा असतो, कारण विमान जागचं हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. मुंबईच्या घिरट्याही त्यातच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. पाळी येईपर्यंत विमान ठरलेल्या लंबगोलात फिरतं. एक फेरा साधारण चार मिनिटांचा. तिसऱ्या फेऱ्याला खिडकीतला प्रवासी खालचं धरण ओळखीचं असल्यासारखं बघू लागतो.

जमिनीवरचा हिशेब याहून मोठा. मुंबई कोल्हापूरच्या वायव्येला आणि विमानतळ शहराच्या आग्नेयेला, त्यामुळे महाद्वार रोडवरून निघालेला माणूस मुंबई गाठण्यासाठी पहिले आठ-दहा किलोमीटर मुंबईकडे पाठ करून जातो. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचायचं. घरचे त्यात आणखी अर्धा तास घालतात आणि चौघे जण पोचवायलाही येतात. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं उडान योजनेच्या वेळी सांगितलं गेलं होतं. कोल्हापुरी पायताणाचा त्यात उल्लेख नव्हता, तरी ती घालून माणसं सर्रास बसतात.

खरा खोळंबा खोबऱ्याचा. जोतिबाला गुलाल-खोबरं वाहतात आणि मुंबईच्या नातेवाइकांना प्रसादाची वाटी न्यावीच लागते. पण सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. हातातल्या पिशवीतही आणि खाली टाकायच्या बॅगेतही. यंत्राच्या पडद्यावर वाटी दिसते, पट्टा थांबतो.

“काका, हे नाही नेता येणार.”

“अवो, जोतिबाचा परसाद हाय. देवाचं खोबरं कुठं पेट घ्यायला लागलंय?”

हा युक्तिवाद नियमावलीत बसत नाही. मग काका बाजूला उभे राहून तिथल्या तिथे प्रसाद वाटतात. सुकं खोबरं घातलेलं वाटण मात्र मसाल्याच्या नावाखाली बॅगेतून निमूट जातं.

पावसाळ्यात ढग खाली आले की सगळा हिशेब कोलमडतो. धावपट्टी दिसली नाही तर विमान उतरत नाही. कधी ते येतच नाही, कधी कोल्हापूरचा माणूस भलत्याच शहरात उतरून एसटीची चौकशी करतो.

सगळं सुरळीत झालं तर घर ते विमानतळ अर्धा तास, तिथे दोन तास, विमानात तास, सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा आणि टॅक्सीने दादर गाठायला आणखी एक. बेरीज पाच तास. महालक्ष्मीला अकरा लागतात, पण ती रात्री निघते आणि त्यातले सात झोपेत जातात. जागेपणीचे तासच मोजायचे तर गाडीचे चार, विमानाचे पाच; शिवाय गाडी दादरला थांबते.