डबा चालतो तोवर वारा

जुलै महिन्यात फ्लोरिडात दोन ऋतू एकाच वेळी चालू असतात: घरातला हिवाळा आणि घराबाहेरचा उन्हाळा. मध्ये फक्त एक दार असतं. ऑरलँडोला पुतणीच्या घरी आमचा मुक्काम होता तेव्हा माझ्या जाऊबाई दिवाणखान्यात स्वेटर घालून चहा प्यायच्या आणि कचरा टाकायला बाहेर गेल्या की पदराने मान पुसत आत यायच्या. मॉलमध्ये, सिनेमाला, देवळातसुद्धा हीच तऱ्हा. एवढ्या गारठ्यात तो देव कसा उभा राहतो, याची त्यांना खरोखर काळजी वाटत होती.

या कृत्रिम थंडीचं मूळही फ्लोरिडातच सापडतं. एकोणिसाव्या शतकात अपालाचिकोला या बंदराच्या गावी जॉन गॉरी नावाचे डॉक्टर होते. तापाच्या रोग्यांना गारवा मिळावा म्हणून ते खोलीत छताजवळ बर्फाचं भांडं टांगत. गार हवा जड असते, ती आपोआप रोग्याच्या अंगावर उतरे. पण बर्फ यायचा उत्तरेकडून जहाजाने, आणि जहाज यायचं त्याच्या मर्जीने. तेव्हा गॉरींनी बर्फ तयार करण्याचं यंत्रच बनवलं आणि १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पैसा मात्र कोणी लावला नाही. १८५५ मध्ये ते कफल्लक अवस्थेत वारले आणि पुढे फ्लोरिडाने वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये त्यांचा पुतळा बसवला. मराठी वाचकाला या चरित्रात अनोळखी असं काही वाटू नये.

अशा या राज्यात डिस्ने वर्ल्डने २९ सप्टेंबर २०१९ रोजी एक वाहन सुरू केलं, ज्याला एसी नाही. वाहनाचं नाव स्कायलायनर. आपण ज्याला रोपवे म्हणतो तेच, फक्त खाली दरीच्या जागी हॉटेलं, तळी आणि पार्किंग. जवळपास ३०० डबे, प्रत्येकात १० माणसं, काही हॉटेलांपासून एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज या दोन बागांपर्यंत. डिस्नेच्या बसला एसी, मोनोरेलला एसी, आणि ज्याच्या चारी बाजूंना काच त्यालाच नाही. उभारणी चालू असतानाच अमेरिकन लोकांनी कपाळावर हात मारून घेतला होता. एसीशिवाय माणूस प्रवास करू शकतो ही कल्पनाच तिकडे नवी होती.

आमच्या घरात या विषयाला वजन आलं ते भाऊजींमुळे. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, वीज मंडळातून निवृत्त. कुठलीही सुंदर वस्तू दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सप्लाय कुठून घेतलाय?" ताजमहालापुढेही त्यांनी हाच प्रश्न गाइडला विचारला होता. कॅरिबियन बीच या मुख्य स्टेशनाच्या छपराखाली आम्ही रांगेत उभे राहिलो, तेव्हा बाकीचे लोक डब्यांवरची चित्रं बघत होते आणि भाऊजी डब्यांचं टप बघत होते.

"वायर नाही," त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, इथे लोक फोटो काढतात," पुतणी म्हणाली.

"काढ ना. वायर नाही त्याचा काढ."

मग रांग पुढे सरकेपर्यंत आम्हाला सगळा हिशेब ऐकावा लागला. दोर पोलादाचा. मोटर स्टेशनात बसते, ती दोर ओढते, डबा पकडीने दोराला धरून लटकत जातो. स्टेशनात आला की पकड सुटते, डबा माणसाच्या चालीने सरकतो, पुढे गेला की पुन्हा दोर धरतो. दोराने डबा ओढायचा, त्यातून वीज घ्यायची सोय नाही. घरातला दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट खातो. ती वीज हवेत लटकणाऱ्या डब्याला कशातून द्यायची? बॅटरीतून. बॅटरी म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे तेवढी माणसं कमी. "आणि वर ३०० डब्यांच्या ३०० एस्यांची देखभाल," असं म्हणून भाऊजींनी डोळे मिटले. निवृत्त माणसालाही काही दृश्यं सहन होत नाहीत.

"मग आत उकडणार का?" जाऊबाईंनी मुद्द्याचं विचारलं.

"एक माणूस नुसता बसून राहिला तरी साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. दहा माणसं म्हणजे एक किलोवॉटचा हीटर. शिवाय भर दुपारचं ऊन, चौरस मीटरला जवळजवळ हजार वॉट."

"तुम्ही नुसते बसलात तर १००," जाऊबाई म्हणाल्या. "बोलताना किती?"

हा सगळा डोलारा ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीचा. या मंडळींची हयात गेली ती आल्प्समध्ये स्की खेळणाऱ्यांना बर्फाच्या डोंगरावर पोचवण्यात. तिकडच्या काही पाळण्यांची आसनं विजेने गरम करतात, म्हणजे प्रवाशाची बैठक गोठू नये. अशा लोकांना फ्लोरिडाच्या दलदलीत बोलावून "प्रवासी गार ठेवा" म्हणायचं, हा एक विनोदच. पण त्यांनी तो मनावर घेतला. डब्याला खाली झरोके ठेवले, वर झरोके ठेवले. गरम हवा वर चढते आणि निघून जाते, खालून ताजी आत येते. आणि डबा ताशी १७-१८ किलोमीटरने चालला की एवढा वारा आपोआप मिळतो. पंखा नाही, बटण नाही, बिल नाही. भाऊजींना यात बिल नाही हा भाग फार आवडला.

चालत्या डब्यात चढायचं म्हटल्यावर आमच्या पुढचे काही लोक बिचकले. जाऊबाई डोंबिवलीत २५ वर्षं काढलेल्या. कर्मचारी मुलगी "सावकाश, सावकाश" म्हणेपर्यंत त्या आत जाऊन सावलीच्या कोपऱ्यात बसल्यासुद्धा होत्या, आणि शेजारी पर्स, त्यापलीकडे खाण्याचा डबा, त्यापलीकडे स्वेटर अशी आम्हा बाकीच्यांची जागा धरून ठेवली होती. समोर एक अमेरिकन कुटुंब आलं: आई, वडील, दोन मुलं. स्वेटरने जागा धरलेली बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. जुलैत लोकरीचा स्वेटर घेऊन फिरणाऱ्या बाईशी वाद घालू नये, एवढं मात्र त्यांनी ओळखलं.

डबा स्टेशनाबाहेर पडला, दोराने उचलला, आणि वारा आला. खरंच आला. झरोक्यातून पायाला लागला, वर गेला, जाऊबाईंच्या कपाळावरची बट हलली. खाली तळं, तळ्यात डब्याची सावली. "छान आहे हो," हे म्हणाले. आमचे हे प्रवासात एवढंच बोलतात, आणि हाँगकाँगला न्गाँग पिंगच्या ५.७ किलोमीटरच्या रोपवेतही २५ मिनिटांत एवढंच बोलले होते.

मग झाली ती पडद्याची भानगड. आमचा डबा बिनचित्राचा होता. काही डब्यांच्या काचांवर चित्रांची फिल्म चिकटवलेली असते, हाँटेड मॅन्शन या राइडमधली लिफ्ट मागणारी तीन भुतं वगैरे. आतून ती बारीक छिद्रांच्या जाळीसारखी दिसते, थोडं ऊन अडवते. आमच्यावर सूर्य थेट. तेव्हा जाऊबाईंनी ओढणी काढली आणि तिची टोकं काचेच्या वरच्या झरोक्यात खोचली. सावली झाली. वारा बंद झाला.

"झरोका बुजवू नकोस!" भाऊजी ओरडले.

"ऊन लागतंय!"

"ऊन लागू दे, हवा जाऊ दे!"

इथे माझ्या लक्षात आलं की रोपवेच्या गारव्याचा सगळा झगडा या दोन वाक्यांत आहे. ऊन अडवायचं तर झाकावं लागतं, वारा हवा तर उघडावं लागतं, आणि काच मोठी केल्याशिवाय प्रवाशाला देखावा दिसत नाही, ज्यासाठी तो आलेला असतो. १९७१ मध्ये इथल्याच मॅजिक किंगडम बागेत स्कायवे नावाचा रोपवे सुरू झाला, १९९९ पर्यंत चालला. त्याचे डबे उघडे, नुसत्या टपाच्या बादल्या. उकाड्याची तक्रार करायला भिंतच नव्हती. आता दारं आपोआप बंद होतात, माणूस खाली पडत नाही, आणि त्या सुरक्षिततेची किंमत आपण घामात मोजतो. मला हा सौदा मान्य आहे. जाऊबाईंना नव्हता.

समोरच्या धाकट्या मुलाने तोडगा काढला. त्याच्याकडे पाण्याचा फवारा मारणारा बॅटरीचा हातपंखा होता. तिथल्या बागांत दर दुसऱ्या गळ्यात तो लटकलेला असतो. पोराने आम्हा सगळ्यांवर उदारपणे फवारा मारला. जाऊबाईंनी "थँक्यू बाळा" म्हटलं. भाऊजींनी चष्मा पुसला आणि त्याला जवळ बोलावून इंग्रजीत समजावून सांगितलं की कूलर नागपुरात चालतो, रत्नागिरीत चालत नाही.

पोराला नागपूर कुठे ते माहीत नव्हतं, पण मुद्दा बिनतोड होता. घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. कोकणात हवेत आधीच पाणी. कूलर लावला की भिंतींना बुरशी आणि माणसाला सर्दी. फ्लोरिडाचं तापमान जुलैत ३२-३३ अंश. हा आकडा नागपूरकराला सांगितला तर तो शाल मागेल. पण हवा रत्नागिरीची. घाम येतो, वाळत नाही. अशा हवेत उपयोग वाऱ्याचा. तो अंगालगतची दमट हवा हटवतो आणि घामाला वाळायला वाव देतो. बंद डब्यात फवारा मारला की तेवढ्यापुरतं गार आणि नंतर जास्त चिकट. आई-वडील हे ऐकून गंभीर झाले आणि त्यांनी पंखा बॅगेत टाकला. पोराने भाऊजींकडे जे पाहिलं, तसं वीज मंडळातही त्यांच्याकडे कोणी पाहिलं नसेल.

खरी परीक्षा पुढे होती. एपकॉटची वाट सरळ नाही. आधी रिव्हिएरा स्टेशन लागतं, मग एक वळणाचं स्टेशन, जिथे कोणी चढत-उतरत नाही, डबा फक्त दिशा बदलतो. दोन्ही ठिकाणी पकड सुटते आणि डबा गोगलगाय होतो. चाल गेली की वारा गेला. ते काही क्षण आम्ही नऊ माणसं उन्हात ठेवलेल्या बरणीतल्या छुंद्यासारखी मुरत होतो. कोणी बोलत नव्हतं. भाऊजीसुद्धा १०० वॉटवर आले होते. डबा वळला, पुन्हा दोर धरला, वारा सुटला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई!" डब्याबरोबर सूर्यानेही बाजू बदलली होती. त्यांच्या कोपऱ्यातली उरलीसुरली सावली आता त्या फवाऱ्यावाल्या पोराच्या मांडीवर होती.

"आणि हा मध्येच अडकला तर?" त्यांनी विचारलं.

पुतणीने नको ते सांगितलं. सुरू झाल्यावर आठवड्याभरातच, ५ ऑक्टोबर २०१९ ला, याच एपकॉटच्या मार्गावर डबे अडकले होते आणि लोक साधारण तीन तास वर लटकून राहिले. काहींना अग्निशमन दलाने उतरवलं. "पण रात्रीची वेळ होती," ती घाईने म्हणाली. भाऊजींनी मान डोलावली. उष्णतेच्या हिशेबाने ही फार भाग्याची गोष्ट होती: ऊन नाही, उरली फक्त माणसांची १००-१०० वॉट. अडचणीसाठी बाकाखाली पाण्याची पेटीही असते. हे ऐकल्यावर जाऊबाईंनी उरलेली वाट त्या पेटीच्या बरोबर वर बसून काढली.

दुपारी तीनच्या सुमारास ढग आले. फ्लोरिडाचा उन्हाळी दिवस असाच चालतो: सकाळी तापायचं, दुपारी गडगडायचं. वीज चमकायला लागली की स्कायलायनर थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. उंच खांब, पोलादी दोर आणि त्याला लटकलेली माणसं ही मांडणी वादळात कोणाला आवडेल? "इतका वेळ सप्लाय नव्हता," भाऊजी वर बघत म्हणाले, "आता फुकट येतोय." आम्ही बसने परतलो. बसमध्ये शिरताच गॉरी डॉक्टरांचा आशीर्वाद असा अंगावर आला की दात वाजायला लागले. जाऊबाईंनी विजयी मुद्रेने स्वेटर चढवला. मी शेजारी कुडकुडत बसले, आणि त्यांनी अर्धी बाही देऊ केली.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. मे ते सप्टेंबरात जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर बसा. चित्रांचा डबा येत असेल तर आनंद माना. झरोक्यात ओढणी, टोपी, नकाशा काहीही खोचू नका. पाण्याची बाटली जवळ असू द्या, आणि परतीच्या बससाठी काहीतरी लोकरीचं. स्कायलायनरला तिकीट लागत नाही. पैसे घेतात ते पार्किंगचे.