दप्तर हलविणारा माणूस

ग्रामपंचायतीच्या कारभाराची माहिती एका संगणकप्रणालीतून काढून दुसरीत नेण्याच्या व्यवहारास 'डेटा मायग्रेशन' असे म्हणतात आणि हे काम यंत्रे आपसांत उरकून घेतात, असा समज परिपत्रके काढणाऱ्या वर्गात रूढ आहे. प्रत्यक्षात यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्यातील ग्रामपंचायतीत डोकावले असता, हे काम टेबलफॅनच्या वाऱ्याच्या टप्प्यात खुर्ची ओढून बसलेला, साधारण तिशी-पस्तिशीतला एक इसम करीत असल्याचे आढळते. कागदोपत्री त्याचे नाव 'संगणक परिचालक' असे असून गाव त्याला 'ऑपरेटर' म्हणते, आणि वयाने मोठी माणसे, विशेषतः ज्यांचे काम अडलेले आहे अशी, त्याला 'भाऊ' म्हणतात. या वर्गात स्त्रियाही आहेत. परंतु पुरुष परिचालकांचे नखरे अधिक असल्यामुळे प्रस्तुत विवेचनापुरता तोच नमुना म्हणून घेणे सोयीचे ठरते.

या वर्गाच्या उत्पत्तीकडे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या कारभारातील कोणत्याही गुंत्यास यवतमाळकर थोडेफार आपले मानतात, ते अगदीच निराधार नाही. ग्रामपंचायतीचे दप्तर पुढे क्रमांकवार विहित नमुन्यांत बांधले गेले आणि ते नमुने दीर्घकाळ लाल कापडाच्या बस्त्यात सुखाने नांदले. २०११ साली 'संग्राम', म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प आला आणि त्याबरोबर परिचालक जन्मास आला. २०१६ मध्ये संग्राम जाऊन 'आपले सरकार सेवा केंद्र' आले, तेव्हा पाटी बदलली, करार बदलला, परंतु खुर्चीतील माणूस बहुधा तोच राहिला. दरम्यान केंद्र शासनाच्या निरनिराळ्या आज्ञावल्या त्याच टेबलावर येऊन बसल्या होत्याच: गावाचा वार्षिक आराखडा भरण्यासाठी प्लॅनप्लस, मंजूर कामांची प्रगती नोंदविण्यासाठी ॲक्शनसॉफ्ट आणि जमाखर्चासाठी प्रियासॉफ्ट. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, या सर्वांची कामे एका छताखाली आणणारे 'ई-ग्रामस्वराज' पोर्टल सुरू झाले. देशभर टाळेबंदी असताना हे घडले. तालुक्याच्या सभागृहात बसून प्रशिक्षण घेण्याची सोय त्यामुळे उरली नाही, आणि नव्या प्रणालीचे बरेचसे ज्ञान परिचालकांनी एकमेकांना फोनवरून, 'आता वर उजव्या हाताला पाय, निळं बटन दिसते का' अशा मौखिक परंपरेने दिले.

परिचालकाची खरी विद्या 'मॅपिंग' या क्रियेत प्रकट होते. मॅपिंग म्हणजे जुन्या प्रणालीतील प्रत्येक रकान्याला नव्या प्रणालीत त्याचा जोडीदार शोधून देणे, आणि हे काम लग्ने जुळविण्याइतकेच किचकट असते, कारण दोन्हीकडच्या अपेक्षा पूर्वी ठरलेल्या असून त्या एकमेकींशी जुळत नाहीत. गावाचा आराखडा करताना ग्रामसभेने 'मारुतीच्या पारापासून पांदण रस्त्यापर्यंत नाली' असे काम सुचविलेले असते. यादीत मात्र मारुतीही नसतो आणि पारही नसतो, तेथे 'स्वच्छता' आणि 'ग्रामीण रस्ते' अशी क्षेत्रे असतात, आणि नाली ही स्वच्छतेत धरावी की रस्त्याच्या कडेची म्हणून रस्त्यात, हा प्रश्न परिचालकाला एकट्याने सोडवावा लागतो. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग 'बंधित', म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेला, आणि ४० टक्के 'अबंधित' असल्यामुळे, नाली कोणत्या रकान्यात पडते यावर ती कोणत्या पैशातून बांधली जाईल हे अवलंबून असते. थोडक्यात, मारुतीच्या पाराजवळच्या सांडपाण्याचे तत्त्वज्ञान अखेरीस माउसच्या एका टिचकीने ठरते, आणि ती टिचकी कोणी मारली याची नोंद इतिवृत्तात होत नाही.

मॅपिंगनंतर 'स्पिलओव्हर' येतो. गेल्या वर्षीच्या आराखड्यातील अपूर्ण काम पुढील वर्षाच्या आराखड्यात ओढून घेण्यास स्पिलओव्हर म्हणतात. अपूर्णतेचे मात्र दोन प्रकार असून ते वेगळे ओळखणे हे अनुभवी परिचालकाचे लक्षण समजले जाते: पहिल्या प्रकारात काम जमिनीवर अपूर्ण असून पोर्टलवर पूर्ण असते, आणि दुसऱ्यात ते जमिनीवर पूर्ण होऊन त्यावरून कापसाच्या गाड्या जाऊ लागलेल्या असतात, परंतु पोर्टलवर त्याची अवस्था 'प्रगतीपथावर' अशीच राहिलेली असते. पहिला प्रकार लेखापरीक्षकाचा विषय असल्यामुळे त्यावर परिचालक भाष्य करीत नाही. दुसऱ्या प्रकाराने मात्र तो खरोखर व्यथित होतो, कारण असे काम बंद करण्यासाठी त्याची 'सुरू होण्यापूर्वी', 'चालू असताना' आणि 'झाल्यानंतर' अशी तीन टप्प्यांची जिओटॅग छायाचित्रे, म्हणजे काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश स्वतःबरोबर वागविणारी छायाचित्रे, ॲपवर चढवावी लागतात. झालेल्या कामाचे होण्यापूर्वीचे छायाचित्र आज काढणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. तरीही जाणता परिचालक मोबाईल घेऊन निघतो आणि नालीचा जो पंधरा फुटांचा तुकडा ठेकेदाराने कधी बांधलाच नाही, त्यासमोर उभा राहून 'पूर्वी'चे छायाचित्र काढून आणतो. ठेकेदाराच्या चुकारपणाचा अभिलेखास झालेला हा एकमेव ज्ञात लाभ होय.

ड्रॉपडाउन, म्हणजे बोट ठेवताच खाली उघडणारी तयार नावांची यादी, हेही परिचालकाच्या पांडित्याचे क्षेत्र आहे. केळापूर तालुक्याचा सारा कारभार पांढरकवड्याहून चालतो, हे जिल्ह्यातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; परंतु बाहेरून बदलून आलेला अधिकारी 'प' अक्षराखाली तालुका शोधत बसतो आणि तो सापडत नाही म्हणून यादीच अपुरी असल्याचे वर कळवू पाहतो, अशा वेळी परिचालक नम्रपणे 'सायेब, क मध्ये पाहा' असे सुचवितो आणि त्या एका वाक्यावर त्याचा पुढील सहा महिन्यांचा मान टिकतो. गावांच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. देशातील प्रत्येक पंचायतीस व गावास एक संकेतांक देणारी 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' सर्व प्रणालींच्या मुळाशी असते, त्यामुळे संकेतांक चुकला की एका वडगावचे हातपंप दुसऱ्या वडगावात उगवतात. शिवाय विदर्भात 'रिठ' गावे आहेत, म्हणजे महसुली दप्तरात ज्यांचे नाव, शीव आणि शेते सर्व काही असून जेथे राहणारे मात्र कोणी नाही, अशी ओसाड गावे. आपल्या पंचायतीच्या हद्दीतील अशा गावाची लोकसंख्या शून्य भरली असता वरिष्ठांकडून 'माहिती अपूर्ण' असा शेरा येऊ नये म्हणून काय करावे, याविषयी परिचालकांत निरनिराळे संप्रदाय आहेत.

नमुना ८ विषयीही येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, आणि तलाठ्याकडील गाव नमुना ८-अ म्हणजे शेतजमिनीचा खातेनिहाय उतारा; या दोहोंतील 'अ' या एका अक्षरामुळे माणसे आयुष्यभर चुकीच्या कार्यालयाच्या ओट्यावर बसून राहतात. घरकुलाच्या हप्त्यासाठी आलेला म्हातारा 'भाऊ, माह्या घराचा आठ काहून निंगत नाई?' असे विचारतो, तेव्हा उत्तर 'सर्वर डाऊन हाये, काका' असेच मिळते. परंतु हे उत्तर सर्वच प्रसंगी तांत्रिक असते असे समजू नये. कधी सर्व्हर खरोखर बंद असतो, कधी भारतनेटची इंटरनेट केबल रस्त्याच्या खोदकामात जेसीबीखाली गेलेली असते, कधी वीज गेलेली असते, आणि कधी म्हाताऱ्याचे घर जुन्या प्रणालीतून नवीत येताना वाटेत त्याच्या मरण पावलेल्या भावाच्या नावावर उतरलेले असून ही बातमी त्याला चारचौघांत कशी द्यावी, हे परिचालकास सुचत नसते. एका वाक्यात इतक्या अवस्था सामावून घेण्याची ही शक्ती शासकीय मराठीने अद्याप कमावलेली नाही.

परिचालकाचे सर्वांत मौल्यवान साधन संगणक नसून एक शंभर पानी वही असते. या वहीत सर्व पोर्टलांचे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड, बंद पडलेल्या प्रणालींतील कामांचे जुने क्रमांक, कोणत्या वर्षी ओपनिंग बॅलन्स किती धरला होता आणि तो तसा का धरला होता, हे सर्व निळ्या व लाल शाईत लिहिलेले असते. ओपनिंग बॅलन्स म्हणजे आर्थिक वर्षाच्या १ एप्रिल रोजीची आरंभीची शिल्लक. ती आदल्या ३१ मार्चच्या अखेरच्या शिलकेशी आणि बँकेच्या पासबुकाशी जुळल्याखेरीज वर्ष 'क्लोज' होत नाही, आणि वर्ष क्लोज झाल्याखेरीज पुढील खर्च नोंदविता येत नाही. ही शिल्लक न जुळण्याचे कारण बहुधा जुन्या काळात कोणीतरी ग्रामनिधीतून काढून पाणीपुरवठ्यात टाकलेली एखादी किरकोळ रक्कम असते, त्या वेळचे सचिव (वऱ्हाडात ग्रामसेवकास आजही सचिवच म्हणतात) बदलून दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात, त्या वेळचे सरपंच आता कार्यालयाकडे फिरकत नाहीत, आणि ती रक्कम कोठून कोठे गेली हे जगात केवळ त्या वहीच्या एका पानावर, गिचमिड अक्षरात, नोंदलेले असते. माहितीच्या सुरक्षिततेविषयीच्या सर्व शासकीय धोरणांच्या दृष्टीने ही वही अक्षम्य आहे. ती हरवली तर मात्र पंचायतीचे वर्ष कधीच संपणार नाही.

डोंगलची कथा याच अंगाची आहे. डोंगल म्हणजे डिजिटल स्वाक्षरी साठविलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण. रक्कम अदा करण्यासाठी सरपंच आणि सचिव या दोघांचेही डोंगल लागतात, जेणेकरून कोणा एकाला मनमानी करता येऊ नये. हा दुहेरी बंदोबस्त अत्यंत विचारपूर्वक केलेला असून दोन्ही डोंगल परिचालकाच्या टेबलाच्या एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच रबरबँडने बांधलेले असतात, ही गोष्ट त्याच्या रचनेला बाधा आणते असे गावात कोणी मानत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. महिला सरपंच असलेल्या काही गावी डोंगल ड्रॉवरऐवजी त्यांच्या यजमानांच्या खिशात असतो, एवढाच काय तो फरक.

पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतही हेच दुःख अधिक थंड खोल्यांत भोगले जाते, याची नोंद तुलनेसाठी घ्यावी. चमूच्या कामांचा हिशेब ठेवणाऱ्या 'जिरा' या प्रणालीच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार ॲटलाशियन कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ पासून थांबविला, तेव्हा ती आवृत्ती वापरणाऱ्यांना आपली माहिती अन्यत्र हलविणे भाग पडले. अशा कामासाठी तेथे सल्लागार नेमतात, चाचणीसाठी खोटी प्रणाली उभारतात आणि शनिवार-रविवार राखून ठेवतात. परिचालकाच्या बाबतीत सल्लागार म्हणजे शेजारच्या पंचायतीचा परिचालक, चाचणी म्हणजे थेट खरी नोंद, आणि राखीव वेळ म्हणजे रात्री अकरानंतरचा, कारण दिवसभर सारे राज्य ज्या पोर्टलवर तुटून पडलेले असते ते त्या वेळी जरा हलके चालते. त्यातच व्हॉट्सॲपच्या तालुका गटावर दुपारी साडेचारला 'अतितात्काळ, आज सायंकाळी ५ पर्यंत' असा आदेश येतो आणि त्याखाली साऱ्या परिचालकांचे जोडलेले हात उमटतात. ज्याचे हात प्रथम उमटतात त्याची माहिती सर्वांत शेवटी येते, हा नियम अपवादरहित आहे.

इतके असूनही परिचालकास ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून दर्जा आणि किमान वेतन मिळावे, ही त्याच्या संघटनेची जुनी मागणी आहे आणि तीपायी तो मुंबईच्या आझाद मैदानावर व नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर जाऊन बसलेला आहे. गावातील प्रत्येक घर, नाली, जन्म आणि मृत्यू तो प्रणालीत चढवितो. स्वतः मात्र कोणत्याही आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, तो आढळत नाही, आणि मानधन उशिरा आले की उधारीच्या दुकानात त्याला प्रत्येक वेळी निराळा महिना सांगावा लागतो.

या अवस्थेचा सर्वांत तीव्र आघात विवाहप्रसंगी होतो. वधूपिता आर्णी वा दिग्रसकडून पाहणीस आला असता त्याचा पहिला प्रश्न शेतीविषयी आणि दुसरा 'नोकरी पक्की हाये का?' असा असतो, आणि बारा-चौदा वर्षे पोर्टलांच्या सहवासात काढलेला परिचालक त्यावर, चेहऱ्यावरची रेषाही न हलविता, 'अर्ज अपलोड आहे, वरून अप्रूव्हल बाकी आहे' असे उत्तर देतो. असे संबंध सहसा चहावरच संपतात. तथापि जुळल्याची उदाहरणेही आढळतात, आणि त्यांचा बारकाईने शोध घेतला असता असे दिसून येते की, भावी सासऱ्याचे घर प्रणाली बदलताना नमुना ८ मध्ये दोनदा चढले होते, त्यामुळे त्याला दोनदा कर येत होता, आणि ती दुसरी नोंद कशी उडवावी हे त्या पंचक्रोशीत जावयाखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.