नानांची तटबंदी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञासाठी कासवाचा दाखला दिला आहे. बाहेर गडबड झाली की सगळे अवयव आत, आणि आत शांतता. दाखला अप्रतिम आहे. फक्त तो ज्या रथात दिला गेला त्याला पांढरे घोडे जुंपले होते, मागच्या सीटवर लॅब्रडॉर नव्हता. महाभारतात कुत्रे आहेत, नाही असं नाही. एकलव्याने बाणांनी तोंड बंद केलेला एक, धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या वाटेला लागलेला दुसरा. पण दोघांच्याही वाट्याला कासव आलं नाही. त्यामुळे ही दोन जनावरं एका अंगणात ठेवली तर काय होतं, याविषयी आपले ग्रंथ गप्प आहेत. ती उणीव भरून काढायचं काम माझ्याकडे आलं.

मुलगी अ‍ॅरिझोनात, टुसॉनला राहते. तिथल्या सोनोरन वाळवंटात कासवं असतात. रानातलं कासव उचलून घरी आणणं तिथे गुन्हा आहे. पण कुणी तरी कधी तरी पाळलेली, मालक म्हातारे झाले, घर बदललं, कंटाळा आला म्हणून परत आलेली कासवं बरीच असतात, आणि ती राज्याचं गेम अँड फिश खातं लोकांना दत्तक देतं. दत्तक घेणारा अ‍ॅरिझोनाचाच रहिवासी हवा. कासव राज्याबाहेर न्यायचं नाही, त्याची पैदास करायची नाही, नको झालं म्हणून वाळवंटात सोडायचं नाही, कारण पाळलेल्या कासवाचे आजार रानातल्यांना लागतात. शिवाय हा प्राणी ऐंशी वर्षंसुद्धा जगतो, तेव्हा तुमच्या पश्चात कोण, हेही ठरवून ठेवायचं. अंगणाचे फोटो पाठवायचे, बीळ दाखवायचं, कुंपण दाखवायचं. जावयाची चौकशी आम्ही याच्या निम्मीही केली नव्हती.

नातीने हट्ट धरला आणि कासव यायचं ठरलं. अर्जात घरात कुत्रा आहे का, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी लाडूकडे पाहिलं. लाडू सोफ्यावर उताणा झोपला होता.

"बाबा, तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो," जावई म्हणाले. "तो काय करणार कासवाला?"

मी पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवली आहे. 'काय होणार आहे' हे वाक्य ज्या-ज्या फायलीवर मी वाचलं, त्या-त्या ठिकाणी पुढे पाणी शिरलं. मी म्हटलं, भिंत बांधायची. निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणी एस्टिमेट मागितलं नव्हतं. मी लगेच वही काढली.

कासवासाठी कुंपण घालताना पहिली गोष्ट कळते ती अशी, की तारेची जाळी चालत नाही. पलीकडचं दिसलं की हा प्राणी तिथूनच जायचं ठरवतो आणि दिवसभर त्याच जागी नाक घासत राहतो. दिसेल ती जमीन आपलीच, या मुद्द्यावर आमच्या गावचे भाऊबंद आणि कासवं यांचं एकमत आहे. म्हणून सिमेंटच्या ब्लॉकची सलग भिंत. कासव खणतं, म्हणून पाया जमिनीखाली. कासवाला अडवायला दीड-दोन फूट उंची पुरते, पण मला अडवायचं होतं लाडूला, म्हणून चार फूट. फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि वर कडी. पोहण्याच्या तलावाभोवती वेगळं कुंपण, कारण पाण्यात पडलेलं जमिनीवरचं कासव सरळ बुडतं. बिळावर प्लायवूडचं छप्पर, त्यावर मातीचा ढीग, आणि बीळ उंचवट्यावर, कारण तिथे पावसाळा असतो. तिथले लोक त्याला मॉन्सून म्हणतात. वर्षभराचा मिळून जेमतेम ३० सेंटिमीटर पाऊस. महाबळेश्वरला एखाद्या जुलैत तेवढा एका दिवसात पडतो. पण पाहुण्याने यजमानांच्या मॉन्सूनला हसू नये.

भिंतीच्या कडेला कण्हेर होती, ती उपटावी लागली. ती विषारी आहे आणि कासव पान ओळखून खात नाही. ही नाराज झाली, कारण पूजेला तीच फुलं होती. मग जास्वंद लावली, तर कासवाला जास्वंद प्राणापलीकडे प्रिय निघाली. आता रोज सकाळी फुलं मोजून वाटणी होते. गणपतीचा वाटा आधी निघतो, असं ही म्हणते. मी पाहिलेलं वेगळं आहे.

कासव आलं. फूटभर लांबीचा नर. त्याचं नाव नातीने 'स्पीडी' ठेवलं होतं, ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झोपतो तो एकदम मार्चात उठतो, उठल्या-उठल्या जेवण बघतो आणि कुणी कामाचं बोलायला गेलं की मान आत घेतो, हे ऐकल्यावर हिने जराही विचार न करता त्याला 'नाना' म्हटलं. नाना म्हणजे माझे थोरले बंधू. मी नागपूरला हे कळवलेलं नाही.

नाना स्थितप्रज्ञ वगैरे काही नाहीत. या जातीच्या नरांना हनुवटीखाली कवचाचं एक टोक पुढे आलेलं असतं. ते दुसऱ्या नराच्या खाली घालून त्याला उलथं पाडायचं, हा यांचा आवडता खेळ. उलथं पडलेलं कासव उन्हात सरळ होऊ शकलं नाही तर मरतं. म्हणून दोन नर एकत्र ठेवत नाहीत. दुसरा नर नसल्यामुळे नानांनी माझ्या काळ्या बुटांना प्रतिस्पर्धी मानलं. मी बागेत उभा राहिलो की ते लांबून निघत, पाच मिनिटांनी पोहोचत आणि धडक देत. एवढ्या वेळात कुणाचाही राग शांत झाला असता. यांचा होत नसे.

संकटांचा विचार मी खातेनिहाय केला होता. रात्री कायोटी ओरडायचे. "कोल्हे का हो?" ही विचारायची. कोल्हाही नाही, लांडगाही नाही, मधलं काही तरी. माणसाच्या उंचीचं कुंपण हा प्राणी चढून जातो. म्हणून तिथे कुंपणाच्या माथ्यावर लावायला गोल फिरणारे नळ मिळतात, पाय ठेवला की घसरावा म्हणून. ते बसवले. बॉबकॅट म्हणजे रानमांजर, त्याच्यासाठी भिंत ही बसायची जागा. म्हणून रात्री बिळाच्या तोंडाशी फळी. पिल्लांना तर मुंग्यांपासूनही धोका असतो, कारण पहिली काही वर्षं त्यांचं कवच मऊ असतं. शेजारच्या मोहावे वाळवंटात कावळ्यांचे थोरले भाऊ, रेव्हन, माणसांच्या कचऱ्यावर आणि विजेच्या खांबांवर पोसून इतके वाढले, की ते कासवांची पिल्लं फोडून खातात. तिथे शास्त्रज्ञांनी थ्रीडी प्रिंटरवर खोटी पिल्लं छापून वाळवंटात ठेवली. रेव्हनने चोच मारली की आतून द्राक्षाच्या वासाचा एक द्रव अंगावर उडतो. माणसाला तो सरबतात आवडतो, पक्ष्यांना सहन होत नाही. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी इकडे लक्ष द्यावं.

गरुडाचा विचार मी जातीने केला. ग्रीसमधले गरुड कासव उंच नेऊन खडकावर टाकतात आणि फोडून खातात. एस्किलस हा नाटककार इ.स.पू. ४५६च्या सुमारास सिसिलीत असाच मेला म्हणतात. गरुडाला त्याचं टक्कल खडक वाटलं. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, पण अ‍ॅरिझोनात सोनेरी गरुड आहेत आणि माझ्या डोक्याचं काय झालंय ते घरच्यांना माहीत आहे. बागेत जाताना मी टोपी घालत असे.

एवढी तटबंदी. आणि झालं काय, तर कायोटी आला नाही, बॉबकॅट आली नाही, आकाशातून कुणी उतरलं नाही. एके दुपारी बागकाम करणारा माणूस ढकलगाडी आत-बाहेर नेताना सोयीसाठी फाटकाला वीट लावून गेला. थोड्या वेळाने कट-कट असा आवाज आला. लाडू सावलीत पसरला होता, पुढच्या दोन पायांत त्याने नानांना नीट धरलं होतं आणि डोळे मिटून, अत्यंत प्रेमाने, तो त्यांची कड चावत होता. रागाचा लवलेश नाही. गुरगुरणं नाही. मला पाहून त्याने शेपटीही हलवली.

त्याचं तरी काय चुकलं? तिथल्या दुकानात कुत्र्यांना चघळायला वाळवलेली हाडं मिळतात आणि गाईचे खूरही मिळतात. कासवाचं कवच म्हणजे आत हाड आणि वर नखाच्या जातीचा थर. दोन्ही वस्तू एकात, शिवाय चालणारी. आपण ती अंगणात ठेवायची आणि कुत्र्याने संयम पाळायचा!

ते कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत नव्हे. ते फासळ्या आणि पाठीच्या कण्याशी जोडलेलं असतं, त्यात मज्जातंतू असतात, चावलं तर दुखतं. कासवाला ओरडता येत नाही म्हणून आपल्याला वाटतं की त्याला कळत नाही. घाबरलेलं वाळवंटी कासव मूत्राशयात साठवलेलं पाणीही टाकून देतं, आणि कोरड्या दिवसांत त्याची तीच गंगाजळी असते. त्या दुपारी नानांनी ती लाडूच्या पंजांवर रिकामी केली. लाडूला ते फारसं आवडलं नाही, एवढाच काय तो सूड.

पशुवैद्य बाईंनी कड घासून साफ केली, अँटिबायोटिक दिलं, कारण कुत्र्याच्या दातांच्या लहानशा खड्ड्यातूनही जंतू आत जातात. बिल पाहून जावई मान आत घेऊन बसले. "कुत्रा घरचाच ना?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाटही पाहिली नाही. वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी नीट राहिलेला कुत्रा एका दिवशी अचानक चावतो, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं. कुत्रा किती गुणी आहे यावर काही नसतं, मध्ये भिंत आहे की नाही यावर असतं.

तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे, किल्ली हिच्या मंगळसूत्राच्या शेजारी असते, आणि नानांना बागेत सोडायचं तर लाडू घरात. लाडू काचेच्या दाराला नाक लावून बसतो. त्याच्या डोळ्यांत जे दिसतं त्याला नात 'मैत्री' म्हणते. मी त्याला भूक म्हणतो.

हे सगळं वाचून पुण्या-मुंबईत कुणाला अंगणात कासव पाळावंसं वाटलं, तर थांबा. आपल्याकडचं ते सुंदर नक्षीचं स्टार कासव पाळणं, विकणं, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी असो वा नशिबासाठी. नशिबासाठी ठेवलेल्या कासवाचं स्वतःचं नशीब टबात फिरण्यात जातं. कोकणात वेळासला समुद्रकासवांच्या अंड्यांभोवती कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपायला कुंपण घालतात, ते हंगामात जाऊन पाहा; पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा घरी न्यायची इच्छा होत नाही. आणि एखादं कासव रस्त्यावर, शेतात किंवा कुत्र्याच्या तोंडात सापडलं, तर त्याला बादलीत घालून बाल्कनीत ठेवू नका. कुत्रा बांधा, कासव खोक्यात सावलीला ठेवा आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.